काळ्या चौकटीबाहेरचे धुळाआबा

माझं काम मेलेल्या माणसांचं. एकदा बारामतीच्या एसटीत शेजारच्या बाईने "काय करता?" म्हणून विचारलं आणि मी हे सरळ सांगून टाकलं, तर ती पदर सावरून खिडकीला चिकटली ती थेट बारामतीपर्यंत. तेव्हापासून मी "पेपरात आहे" एवढंच सांगते.

पण खरं काम तेच. इंदापूरच्या एका साप्ताहिकात माझी उमेदीची वर्षं गेली. नव्वदीचं दशक जवळजवळ सगळं तिथेच. आमच्या दिवाळी अंकात मधोमध एक जोडपान असायचं, 'या वर्षी गेलेले'. वरच्या अर्ध्यात देशातली आणि राज्यातली मोठी माणसं. त्या वर्षी गेलेला एखादा गवई, एखादा नट, एखादा माजी मंत्री. खालच्या अर्ध्यात बारामती आणि इंदापूर या आमच्या दोन तालुक्यांतली माणसं. हे पान माझ्याकडे होतं. लोक दिवाळी अंकात आधी राशिभविष्य बघतात असं म्हणतात. आमच्याकडे आधी हे पान उघडायचे आणि मग भांडायला यायचे.

भांडण वरच्या अर्ध्यावर कधीच नसे. देश ज्याला मोठा म्हणतो त्याला आम्हीही मोठा म्हणायचो, विषय संपला. भांडण खालच्या अर्ध्यावर. तिथे चौकटी मोजक्या आणि मेलेले भरपूर.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील कारखान्यात फिटर आणि युनियनचे बिनीचे कार्यकर्ते. घरात पुस्तकं हाताच्या बोटांवर, पत्रकं मात्र पोतंभर. बाराखडी मी गुलाबी कागदावरच्या 'कामगार बंधू-भगिनींनो!' यावरून शिकले. शाळेच्या निबंधात गाईवर लिहितानाही शेवटी 'विजय असो!' असं लिहून मार खाल्लेला आहे. त्यामुळे माझ्या लिहिण्याची पट्टी पहिल्यापासून वरची, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास झाला तो आमच्या गुलाबभाईंना.

गुलाबभाई आमचे खिळे जुळवणारे. तेव्हा तालुक्याला संगणक आलेला नव्हता. शिशाचं एकेक अक्षर लाकडी खणातून उचलायचं, शेजारी शेजारी बसवून ओळ करायची, ओळीचा मजकूर, मजकुराचं पान. फोटो छापायचा तर त्याचा जस्ताचा ब्लॉक पुण्याहून करून आणावा लागे. आणि माणूस मेलेला असला की त्या ब्लॉकच्या चारी बाजूंनी जाड काळ्या पट्ट्या बसवायच्या, म्हणजे चौकट तयार. माझं पहिलं पान हातात घेऊन गुलाबभाई म्हणाले, "ताई, आपल्या खणात उद्गारचिन्हं एवढीच. ती सगळी तुमच्या एका माणसाला लागली. बाकीच्यांनी काय पूर्णविरामावर मरायचं का?"

त्यांनी एक सोय करून ठेवलेली होती. 'त्यांच्या जाण्याने समाजात कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे' हे वाक्य जुळवून, दोऱ्याने बांधून फळीवर कायमचं ठेवलेलं. कुणी गेलं की उचलायचं आणि मजकुराच्या शेवटी बसवायचं. पहिल्याच महिन्यात मी तो दोरा सोडला आणि अक्षरं आपापल्या खणात टाकायला लावली. आमचे संपादक नाना चहाचा कप घेऊन आत आले, रिकामी फळी बघून म्हणाले, "अगं शैला, पोकळी मोडलीस?"

"मोडली. आता प्रत्येकासाठी नवीन लिहायचं."

"आणि काही लिहिण्यासारखं नसेल तर?"

"तर तो पानावर नको."

नाना हसले. त्यांना वाटलं पोरगी गरम आहे, होईल थंड. पण मी काही थंड झाले नाही.

या कामातली खरी गंमत लोकांना माहीत नसते. मेलेल्या माणसाचं लिहायचं म्हणजे जिवंत माणसांशी बोलायचं, आणि जिवंत माणसं मेलेल्याबद्दल बोलायला लागली की ती खोटं फार प्रेमाने बोलतात. सांगवीहून एक म्हातारी आली होती. तिचा नवरा भागातला नावाजलेला झांजवाला, लेझमीच्या खेळात गाव गाजवलेला. फोटो मागितला तर तिने पदराआडून लग्नातला काढला. त्याखेरीज त्याचा फोटोच नव्हता. मुंडावळ्या बांधलेला, ओठावर नुकती मिसरूड फुटलेली, डोळे ताठ. मी म्हटलं, "आजी, वर लिहिणार वय ऐंशी, आणि फोटो नवरदेवाचा?"

म्हातारी म्हणाली, "मंग काय झालं? मला त्यो तसाच दिसायचा."

तसाच छापला. काळ्या चौकटीत मुंडावळ्या! त्या वर्षी पानावर कुणी किती मोठा गायक आणि कुणी किती मोठा पुढारी होता ते लोक विसरले, पण तो नवरदेव कुणी विसरलं नाही.

फोनवर आलेलं मरण मात्र आम्ही कधीच छापत नसू. त्याला कारण होतं. निवडणुका आल्या की विरोधकाला फोनवरून मारायची आमच्याकडे हौस. त्यासाठी नानांनी वार्ताहरांना एक नियम घालून दिला होता. मेलेल्याच्या घरी किंवा त्याच्या लेकी-बहिणीच्या घरी जायचं आणि रडणं स्वतःच्या कानांनी ऐकायचं. त्याशिवाय बातमी द्यायची नाही. "माणूस फोनवर खोटं बोलेल," नाना म्हणायचे, "पण लेक खोटं रडणार नाही." हा नियम इतका पक्का की कधी चुकलाच नव्हता.

आता ते वर्ष.

दिवाळी तोंडावर आलेली. वरचा अर्धा भाग लागून तयार होता. खालच्या चौकटी भरल्या होत्या, शेवटची एक शिल्लक. आणि तिच्यासाठी बाळासाहेब नावाचे गृहस्थ रोज ऑफिसात येऊन बसत. कडक इस्त्रीचा सफारी आणि हातात कायम गाडीची किल्ली फिरवायची सवय. त्यांचे चुलते तात्या एका पतसंस्थेचे चेअरमन होते, ते श्रावणात वारले होते.

"मॅडम, ब्लॉक पुण्यावरनं करूनच आणलाय. तुम्हाला तसदी नको."

"बाळासाहेब, तात्यांनी केलं काय ते सांगा. मी लिहिते."

"समाजकार्य."

"कुठलं?"

"सगळंच की!"

"एखादं सांगा."

ते किल्ली फिरवत बराच वेळ छताकडे बघत राहिले. "फार मोठा माणूस होता हो. लग्नाला गेला की पहिल्या रांगेत खुर्ची असायची."

आतून गुलाबभाईंचा आवाज आला, "ताई, पोकळी मोडायची नव्हती. बघा, आत्ता लागली असती."

नाना मात्र जाहिरातींची वही चाळत होते. मलपृष्ठाची जाहिरात कोणाची असते हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. तरीही मी अडून बसले होते. आणि त्याच दुपारी लासुर्ण्याहून फोन आला.

तिथले आमचे वार्ताहर शिवाजीराव. सायकलदुरुस्तीचं दुकान चालवून बातम्या द्यायचे. एसटीडी बूथवरून ओरडत होते, "ताई, वडगाव निंबाळकरचे धुळाआबा गेले. त्यांची लेक हौसाबाई हितं लासुर्ण्यात दिलीय. दाराशी जाऊन आलो. काय रडती वो! भिंतीवर डोकं आपटती!"

मी खुर्चीतून उठलेच. धुळाआबा!

ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आणि नाव माहीत नसण्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्याबद्दल कधी कुणी छापलंच नव्हतं. हा मेंढरं राखणारा माणूस. त्यांच्या तरुणपणी कालव्याचं पाणी फिरलं, ऊस आला आणि वर्षानुवर्षं कळप ज्या वाटेने जायचे ती वाट लोकांनी नांगरून उसात घातली. कालव्यावर मेंढरांना पाणी पाजायलाही बंदी. या लोकांनी अर्ज केले. तालुका कचेरीतल्या त्या वेळच्या साहेबाने अर्ज ठेवून घेतले आणि म्हटलं, बघू. पुन्हा अर्ज, पुन्हा बघू. तेव्हा धुळाआबा म्हणाले, साहेबाला मेंढरं काय असतात ते ठाऊक नसेल, नेऊन दाखवू. आणि आसपासच्या वाड्यांवरचे सगळे कळप एकत्र करून त्यांनी कचेरीवर मेंढरांचा मोर्चा नेला! बंद फाटक मोडलं, आणि मेंढरं आवारात, मेंढरं ओट्यावर, मेंढरं जीपखाली. साहेब खोलीत अडकला. बाहेर घोषणा एकच, आणि ती मेंढरांची. संध्याकाळच्या आत वाट मोकळी ठेवायचा कागद सहीशिक्क्यानिशी हातात पडला.

हे मला वडिलांनी सांगितलं होतं. युनियनच्या लोकांत ही गोष्ट फिरायची. संपात कुणी कच खाल्ली की वडील म्हणायचे, "मेंढरं आत घुसली आणि तुम्ही फाटकाशी घाबरता?"

नानांच्या टेबलावर मी दोन्ही हात टेकले. "शेवटची चौकट धुळाआबांना."

"अगं, ओळखतो कोण त्यांना?"

"म्हणूनच!"

"आणि बाळासाहेब?"

"त्यांच्या तात्यांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळालेली आहे. आता उभ्या माणसाला बसू द्या."

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चांगला माणूस होता तो, नुसता दमलेला होता. "रडणं ऐकलंय का शिवाजीने?"

"दाराशी जाऊन."

"मग लिही. पण असं लिही की बाळासाहेबांनाही वाटलं पाहिजे, हा आपल्या तात्यांपेक्षा मोठा होता."

काय लिहिलं त्या दिवशी! हात पळत होता. उभी राहून लिहिलं, ऑफिसात फेऱ्या मारून लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की वडिलांच्या पोत्यातली सगळी पत्रकं याच एका मजकुरासाठी माझ्या अंगात मुरली होती. मी लिहिलं की आबांनी खांद्याने कचेरीचं फाटक मोडलं आणि त्या फाटकातून फक्त मेंढरं आत गेली नाहीत, एक आख्खा समाज आत गेला. गुलाबभाईंनी जुळवता जुळवता वाचलं आणि दुसऱ्या आकाराच्या अक्षरांच्या खणातली उद्गारचिन्हं काढून बसवली. यापेक्षा मोठं बक्षीस मला आजवर मिळालेलं नाही.

राहिला फोटो. ब्लॉक करायचा तर फोटो हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी मजकुराचं प्रूफ पिशवीत घालून मी निघाले. एसटी लासुर्ण्यावरूनच जाते. उतरून हौसाबाईला भेटावं असं मनात आलं, पण रडून दमलेल्या बाईला काय त्रास द्यायचा, म्हणून बसून राहिले. बारामतीला गाडी बदलली, वडगावला उतरले आणि विचारत विचारत आबांच्या वस्तीवर पोहोचले. दोन्ही बाजूंनी ऊस, मधे पायवाट, पुढे अंगण.

अंगणात सुतकाचं काहीच दिसेना. एक म्हातारा बाजेवर बसून लोकरीचं सूत कातत होता. पांढरा पटका, कानात भिकबाळीएवढी बाळी. शेजारी एक म्हातारी शेंगा फोडत होती. बाजूला ट्रॅक्टरखाली एक पुरुष आडवा पडून काहीतरी आवळत होता.

मी हात जोडले. "मी इंदापूरच्या पेपरातून आले. आबांचा एखादा फोटो मिळेल का?"

"कुठला आबा?" म्हाताऱ्याने विचारलं.

"धुळाआबा. जे… जे गेले."

म्हाताऱ्याच्या हातातलं सूत थांबलं. त्याने म्हातारीकडे बघितलं. "कोंडे, मी गेलोय म्हनं."

ट्रॅक्टरखालून हसण्याचा मोठा आवाज आला. तो आबांचा मुलगा संपत. मी मात्र तिथेच पायरीवर बसले.

उलगडा कोंडाबाईने केला. ती आबांची बहीण. "अगं बया, परवा आंगुळ करताना ह्येच्या डोस्क्याला कावळा शिवला. भर दुपारी! मंग काय गप बसायचं? लेकीला निरोप धाडला, तुजा बा गेला म्हनून. लेक खरं मानून रडली की मरान टळतं. आज सकाळी खरं सांगितलं तिला."

"आणि ती रडली तेव्हा आमचे शिवाजीराव दाराशी उभे होते," मी म्हटलं.

"मंग रडायचं न्हाय व्हय तिनं? बा हाय तिचा!"

लेक खोटं रडत नाही हा नानांचा नियम खराच निघाला होता. ती अगदी खरंच रडली होती!

अंधश्रद्धेवर मी स्वतः पत्रकं लिहिलेली होती. माझ्या जिभेवर भाषण आलंच. "कोंडाबाई, कावळा शिवल्याने माणूस मरत नसतो. असल्या समजुतींनी…"

"कावळा शिवल्यानं मरत न्हाय," ती शेंग फोडत म्हणाली, "पर तुज्या पेपरात मेला की! आन आमाला शानपन शिकवती व्हय?"

मी पिशवी उचलली. पण आबांची नजर प्रुफावर गेली होती. "ते काय हाय कागदाचं?"

"तुमच्यावर लिहिलेलं."

"मंग वाच की."

मी वाचलं. सुरुवातीला लाजत, मग नेहमीच्या आवाजात, मग सभेतल्या आवाजात. आबा सूत बाजूला ठेवून, गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. फाटकाशी आले तेव्हा त्यांचा खांदा आपोआप पुढे झाला. वाचून संपलं. आबांनी मुलाला हाक मारली, "संपत, आईकलं का?"

"आईकलं," संपत ट्रॅक्टरखालून म्हणाला. "ताईंनी कुनाकडनं तरी आईकलं आसंल, आन त्या कुनीतरी तुमच्याकडनं."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "हे आसं हाय बघ. घरातली म्हनत्यात, म्हातारा फेकतोय. मेंढरं कचेरीत कशी जातील म्हनं! आता मेंढरं न्हाइत, वाट न्हाय, बरुबरची समदी गेली. ऱ्हायलोय एकटा. माजं खरं कोन म्हननार? छापून आलं तर म्हनतील." आणि एकदम पुढे वाकून म्हणाले, "छाप."

"आबा, ते पान मेलेल्यांचं आहे."

"मंग मेलो म्हनून छाप."

"तुम्ही जिवंत आहात!"

"ते तुला ठावं. पेपरला कुठं ठावं?"

"पेपर म्हणजे मीच आहे आबा."

"मला न्हाय छापलं तर त्या जागी कोन हाय?"

मी चेअरमनचं नाव सांगितलं. आबा बाजेवरून उठूनच उभे राहिले. "त्यो व्हय! त्याच्याच बानं पयली आमची वाट नांगरली. पोरी, मी मेलो! आत्ता मेलो! लिव!"

मला हसू येईना आणि रडूही येईना. एका बाजूला या माणसाचं सगळं आयुष्य खरं ठरणार होतं, आणि त्यासाठी मला एकच खोटं छापायचं होतं. तेही त्याच्या राजीखुशीने. कुणाचं काय बिघडणार होतं? पण मी ज्या पत्रकांवर वाढले त्यांत चुका होत्या, भडकपणा होता, अशुद्ध होतं, जाणूनबुजून खोटं नव्हतं. वडील म्हणायचे, एक आकडा फुगवलास तर मालक तेवढाच धरून उरलेलं सगळं उडवून लावेल. मेलेले म्हणून छापलेले आबा वडगावच्या बाजारात दिसले असते, की बाळासाहेब किल्ली फिरवत म्हणाले असते, बघा, मोर्चाही असाच.

"मी तुम्हाला मारणार नाही," मी म्हटलं. "पण छापणार."

"ते कसं?"

ते मलाही माहीत नव्हतं. संपतच्या लग्नातल्या एका फोटोत आबा एका कडेला उभे होते. तो घेऊन मी निघाले.

इंदापूरला पोहोचले तर बाळासाहेब बसलेलेच. आबा जिवंत असल्याची बातमी माझ्या आधी शिवाजीरावांच्या फोनने पोहोचली होती. बाळासाहेबांनी ब्लॉक टेबलावर ठेवला. "चला, देवाची इच्छा. आता जागा मोकळी झाली."

"झालेली नाही," मी म्हटलं.

नाना दमलेल्या आवाजात म्हणाले, "शैला, पानाचं नाव काय आहे?"

"'या वर्षी गेलेले'. नाना, मी हे पान किती तरी वर्षं लिहिते आहे. दर वेळी ज्याच्याबद्दल लिहिते त्याला भेटायचं राहून गेलेलं असतं. दर वेळी कुणीतरी अंक वाचून येतं आणि म्हणतं, अरे, हा माणूस आपल्याजवळच राहत होता, आधी कळलं असतं तर! या वेळी आधी कळलंय. पहिल्यांदाच कळलंय! मजकूर तयार आहे, माणूस तयार आहे, आणि आपण म्हणायचं, थांबा, तुम्ही अजून मेला नाहीत?"

"मॅडम, हे शास्त्राला धरून नाही," बाळासाहेब म्हणाले. "मेलेल्यांत जिवंत माणूस म्हणजे अपशकुन."

"त्यांनाच विचारून आले. त्यांची हरकत नाही. ते तर मरायलाही तयार होते."

नानांनी टेबलावरचा तो ब्लॉक उलटसुलट करून बघितला. मग तो त्यांनी बाळासाहेबांच्या हातात परत दिला. "तात्यांना जाहिरातीच्या पानावर घेऊ. मोठे घेऊ. पण त्या चौकटीत नाही."

"मलपृष्ठाचा विचार करा नाना."

"केला," नाना म्हणाले.

बाळासाहेब गेले, आणि त्यांच्याबरोबर मलपृष्ठही गेलं. तिथे आम्ही शेवटी आमच्याच अंकाची जाहिरात छापली. दोन दिवसांनी नाना आतल्या खोलीत आले. फोटोचा ब्लॉक तातडीने पुण्याहून करून आला होता, पानात बसला होता आणि सवयीने गुलाबभाईंनी भोवती काळ्या पट्ट्याही लावल्या होत्या. नाना म्हणाले, "गुलाब, चौकट काढ."

गुलाबभाईंनी चिमट्याने एकेक पट्टी उचलली. वरची, खालची, मग दोन्ही बाजूंच्या. चारही बाजूंनी पांढरी जागा उरली. वरच्या अर्ध्यातल्या सगळ्या थोरामोठ्यांना काळी कड, आणि खाली कोपऱ्यात हा एकटा माणूस मोकळा. मजकुरातली 'होते' मी 'आहेत' केली. शेवटी दोन वाक्यं घातली : 'हे अजून आपल्यात आहेत. वडगाव निंबाळकरला उतरा आणि कुणालाही विचारा, आत्ताच भेटून घ्या!' गुलाबभाई उद्गारचिन्ह शोधत होते. नाना म्हणाले, "दोन लाव."

अंक निघाला आणि शिव्या सुरू झाल्या. एकाने लिहिलं, हा थट्टेचा विषय आहे का? एकाने विचारलं, आमच्या आईला का नाही घेतलं, तीही जिवंत आहे. पण शिव्यांच्याही आधी माणसं निघाली होती! भाऊबीजेला मी वडगावला गेले तर आबांच्या अंगणात चपलांचा ढीग. फलटणच्या बाजूचे जुने मेंढके, कारखान्यातले दोन-तीन कामगार, गावातले मास्तर. कोंडाबाई चहा गाळता गाळता मला म्हणाली, "ह्यो मेला आसता तर एकदाच च्या झाला आसता!" आबा पटका बांधून बाजेवर बसले होते, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होते. संपत कडेला उभा राहून ऐकत होता. त्याच्या तोंडावरचं हसू अजून गेलं नव्हतं. आलेले सगळे ऐकायलाच आले होते. 'मी पाहिलंय' असं म्हणणारं त्यांत कुणी नव्हतं.

दुपार कलताना एक गृहस्थ आले. धोतर, काळी टोपी, बगलेत छत्री. बारामतीहून आले होते. कोण, कुठले, कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी घडी घातलेला अंक उघडला, मजकुरावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत? यात एक चूक आहे."

संपत पुढे सरकला. "काय चूक?"

"मी तेव्हा कचेरीत कारकून होतो, भाऊसाहेब म्हणायचे मला," ते म्हणाले. "आबांनी फाटक मोडलं असं यात आहे. फाटक मोडलं नव्हतं."

आबा बाजेवरून कडाडले, "ह्या खांद्यानं मोडलंय!"

"नाही आबा. तुम्ही ढकलत होतात तेव्हा आतली कडी मी काढली. साहेबांनी लावायला सांगितली होती. तुमचे अर्ज मीच इतके दिवस फायलीला लावत होतो. बघवेना."

संपतच्या तोंडावरचं हसू गेलं. त्याने अगदी हळू विचारलं, "म्हंजी मेंढरं खरंच आत गेली हुती?"

"गेली होती?" भाऊसाहेब म्हणाले. "अहो, एक माझ्या टेबलावर उभं होतं. मी खुर्चीवर."

संपत वडिलांकडे बघत राहिला. आबा मात्र त्याच्याकडे बघतच नव्हते. ते उठले, भाऊसाहेबांसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी आपला तो खांदा एकदा चाचपला. "मंग तवाच सांगायचं की, मर्दा! इतकी वरसं मी छाती काढून मिरवलो!"

"सांगितलं असतं तर नोकरी गेली असती."

आबांनी त्यांच्या बगलेतली छत्री काढून घेतली, त्यांना दंडाला धरून बाजेवर आपल्या शेजारी बसवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, लिवून घे. फाटक मोडलं न्हाय, ह्यानं उघडलं. पुढच्या टायमाला ह्याचं नाव टाक. आन पेपरवाल्यांचा काय भरवसा न्हाय, तवा सांगून ठेवतो. ह्यो मरायच्या आत टाक."